चौथ्या नंबरचं वारं

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी गेलो तोही इलेक्ट्रिकल शाखेत. त्यामुळे प्रॅक्टिकलचे निष्कर्ष लिहिणं एवढाच माझा लेखनाचा सराव. शाळेत मराठीच्या बाई सांगायच्या, ललित लेख मोगऱ्यावर लिहावा, चांदण्यावर लिहावा, फार तर गावातल्या पारावर. मी लिहिणार आहे मोटारीच्या एसीच्या पंख्यावर. तो का बंद पडला आणि आम्ही त्याचा बिघाड कसा शोधला, यावर. विषय चुकला असेल तर दोष माझाच. पण मे महिना लागला की माझ्या मनात मोगऱ्याच्या आधी तोच पंखा फिरायला लागतो, त्याला मी तरी काय करू?

परवा दुपारी कॉलेजच्या फाटकासमोर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभा होतो. पेपर सुरू आहेत. नगरचं ऊन असं, की वाचलेलं सगळं डोक्यातून वाफ होऊन जातं. तेवढ्यात कांद्याच्या गोण्यांनी भरलेला एक टेम्पो समोरून गेला आणि त्याच्या मागून टरफलं उडत आली. गुलाबी, पातळ, कुरकुरीत. त्यातलं एक नेमकं माझ्या ग्लासात पडलं. रसवाला दुसरा ग्लास भरायला लागला, तर मी म्हटलं, राहू द्या. ते टरफल बोटानं काढलं आणि उन्हाकडे धरलं. आरपार दिसत होतं. त्याच्यावर बारीक रेघा असतात, हाताच्या तळव्यावर असतात तशा. एवढी हलकी वस्तू, फुंकर मारली तर जाईल अशी. तिच्यामुळे एखाद्याचं लग्न अडू शकतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी ते अडताना पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मे. मी पहिल्या वर्षाची परीक्षा देत होतो आणि मधल्या सुट्टीत कोल्हारला घरी आलो होतो. आमचं घर आणि भास्करमामाचं घर यांच्यामध्ये एक बांध आहे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आजी-आजोबा गेल्यापासून तो दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतो आणि झोपायला आपल्या घरी जातो. जाताना रोज म्हणतो, "चला, बंगल्यावर." त्या घरात एक पलंग, एक टीव्ही आणि खताच्या रिकाम्या गोण्या. आई त्याला जाताना बघत राहायची. भांडी घासता घासता एकदम म्हणायची, "एकदा ह्याच्या घरात दिवा लावणारी कुणी आली, की मी सुटले बाई."

मामा तेव्हा चाळिशीकडे झुकला होता. शेती चांगली, प्रवरेचं पाणी, अंगात एकही व्यसन नाही, आणि तरी लग्न जमत नव्हतं. हे काही त्याच्या एकट्याचं नाही. आमच्या भागात असे मामा घरोघरी आहेत. मुलीकडचे विचारायचे, "नोकरी?" मामा म्हणायचा, "शेती." मग चहा यायचा, पोहे यायचे, "कळवतो" यायचं, आणि पुढं काहीच यायचं नाही. पण मामा गमत्या माणूस. एवढ्या ठिकाणी पोहे खाऊन खाऊन त्यानं तालुक्यांचा अभ्यास केला होता. शेंगदाणे सढळ हातानं कुठं घालतात, खोबरं कुठं घालतात, मुलगी नापसंत असली तर मुलाकडचे पोहे अर्धे का ठेवतात, सगळं सांगायचा. "म्या कधी अर्धे ठिवले न्हाईत," म्हणायचा, "पोह्यांचा काय गुन्हा?"

गाडी घेण्याची कल्पना तात्यांची. तात्या म्हणजे गावातले लग्नं जुळवणारे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलण्यात नेहमी दुसऱ्याच्या घरची सोयरीक. ते एक दिवस येऊन म्हणाले, "भास्कर, दारात चारचाकी नसंल तर पोरीचा बाप दारात उतरत न्हाई. जुनी घे, पण एसीवाली घे. थंड पायजे."

मामानं एक पांढरी, छोटी, बरीच फिरलेली गाडी घेतली. तिला दोन आयुष्यं होती. एरवी ती कांद्याची. मागचं सीट काढून ठेवायचं, गोण्या भरायच्या आणि वावरातून साठवणीच्या कांदाचाळीपर्यंत फेऱ्या मारायच्या. मुलगी बघायला जायचं ठरलं की सीट पुन्हा बसवायचं, गाडी धुवायची, काचेजवळ अत्तराची छोटी बाटली लटकवायची. मग ती पाहुण्यांची. मामा तिच्यावर हात फिरवून म्हणायचा, "सोमवारी हमाल, रविवारी नवरदेव. आपल्यासारखीच हाय."

त्या उन्हाळ्यात गाडीच्या एसीचा पंखा रुसायला लागला. चालू केला की फडफड आवाज, मग बंद. दर वेळी फ्यूज उडालेला. नवा टाकला की चार दिवस बरे, पुन्हा तेच. मामानं त्याच्यावर आपल्या पद्धतीचा इलाज केला. विहिरीवरच्या मोटारीला आमच्याकडे सगळे तसंच करतात. उन्हाळ्यात वीज कमी दाबानं येते, मोटार जास्त ओढते, फ्यूजची तार सारखी वितळते. रात्री-अपरात्री कोण जाणार तिकडं? म्हणून तार दुहेरी करायची. मग ती वितळत नाही आणि माणूस निवांत झोपतो. गाडीत पिवळा फ्यूज होता. मामानं दुकानातून त्याच्यापेक्षा मोठा, हिरवा आणला आणि दाबून बसवला.

"मामा, हे बरोबर नाही वाटत," मी म्हटलं.

"का रं?"

"फ्यूज उडतो म्हणजे पुढं कुठंतरी काहीतरी…"

"काय?"

मी गाडीचा पंखा जन्मात उघडून पाहिलेला नव्हता. फळ्यावरच्या वर्तुळात इंग्रजी एम लिहिलं की ती मोटार, एवढीच माझी मोटारीशी ओळख. मामानं माझ्या पाठीत थोपटलं. "इंजिनियरसाहेब, आता बगा कसा टिकतो."

आणि तो टिकला. फ्यूज टिकला.

पहिल्या पिढीतला शिकणारा मुलगा म्हणजे काय असतं, हे शहरातल्या मित्रांना सांगून कळत नाही. मिक्सर बंद पडला की मला फोन. शेजारच्यांचा रिमोट, चुलत्यांच्या मोबाईलचा चार्जर, देवळातलं लाऊडस्पीकरचं मशीन, सगळं माझ्यासाठी राखून ठेवतात. "सुट्टीत पोरगं यील, तवा बघंल." नाही येत म्हणायची सोय नाही. ते चिडतील म्हणून नव्हे. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास आहे की तो खाली ठेवताना फुटेल, अशी भीती वाटते. म्हणून पहिल्या वर्षी पैसे साठवून मी वीज मोजायचं एक साधं मल्टीमीटर घेतलं. ते पिशवीत असलं की मला जरा धीर येतो. डॉक्टर गळ्यात ती नळी का घालतात, ते मला तेव्हा कळलं.

तर जामखेडकडच्या खर्डा गावचं स्थळ आलं. तात्यांनी आणलं. मुलगी वैशाली, बारावी झालेली, स्वतःचं शिवणकाम. वय जरा पुढे गेलेलं, पण तेही बऱ्यापैकी तिनंच नकार देऊन देऊन. "पोरगी फटकळ हाय म्हनत्यात," तात्या म्हणाले, "पर घर लई चांगलं." आईनं मला निक्षून सांगितलं, "तू जा बरोबर. शिकलेला भाचा दिसला म्हणजे बरं असतं." आणि मग हळूच, "हे शेवटचं म्हणतोय रे तो. ह्याच्यापुढं बघायला जाणार नाही म्हणतोय." मामानं हे मला सांगितलं नव्हतं. मी त्याच्या घरी गेलो तर तो आरशासमोर उभा राहून शर्टाची कॉलर नीट करत होता, आणि नेहमीसारखी एकही गंमत करत नव्हता.

सकाळी राहुरी ओलांडेपर्यंत सगळं झकास होतं. पंखा चौथ्या नंबरवर, गार वारं, मागे तात्या घोरत. नगर सोडून जामखेडच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता मजेचा आहे. मध्येच बीड जिल्हा लागतो आणि मग पुन्हा आपला. कडा गावाच्या पुढे पंख्यातून फडफड सुरू झाली. एखादं पाखरू आत अडकल्यासारखी. मामानं डॅशबोर्डवर एक चापट मारली. थोडा वेळ गप्प. पुन्हा फडफड. मग एक घरघर, जळका वास, आणि सगळं शांत.

"काय झालं?" तात्या जागे झाले.

"वारं गेलं," मामा म्हणाला.

काचा खाली केल्या. बाहेरचं वारं म्हणजे चुलीसमोर बसल्यासारखं. मामानं तोंडाला पावडर लावली होती. तिच्यावरून घामाचे ओघळ निघाले. पांढरा शर्ट पाठीला चिकटला. तात्या मागून रुमालानं मामाच्या मानेला वारा घालत होते आणि म्हणत होते, "थांबू नगंस, वाळंल, वाळंल." खर्ड्यात किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत शिरलो तेव्हा गाडीतून तिघं भिजलेले पुरुष उतरले. उन्हाळ्यात, ठणठणीत कोरड्या गावात.

वैशालीचे वडील, आबा, दारातच उभे होते. "या, या. उन्हाचं आलात. आधी पानी घ्या."

मामा बसला तो एखाद्या ऑफिसात बसावा तसा, गुडघ्यांवर हात ठेवून. वैशाली पोहे घेऊन आल्या. त्यांनी एकदाच वर पाहिलं आणि बसल्या. आबांनी विचारलं, "नाव काय आपलं?"

"कोल्हार," मामा म्हणाला.

मी जमिनीकडे बघितलं. तात्यांनी खोकला काढला. "भास्कर नाव. गाव कोल्हार. प्रवासानं जरा…" पुढची सगळी उत्तरं तात्यांनीच दिली. शेती, पाणी, स्वभाव. मामा फक्त मान हलवत होता. आमच्या घरी भाकरी खाताना माणसांना हसवून ठसका आणणारा मामा इथं कुठं गेला होता, कोण जाणे. मला वाटलं, हा असाच दर वेळी बसत असणार. आणि म्हणूनच "कळवतो" येत असणार. पोहे मात्र त्यानं सगळे खाल्ले.

बोलणं थंडावलं तसे तात्या घाबरले, आणि घाबरलेल्या माणसानं करू नये ते त्यांनी केलं. ते म्हणाले, "आबा, एक सांगू का? तुमी आजच घर बघाया चला. गाडी हाय की दारात. एसीत झोपून जावा, एसीत परत या. काय कळायचं सुदिक न्हाई. ह्यांची गाडी म्हंजे देवघर. धुळीचा कन लागू देत न्हाईत."

आबांनी मामाच्या शर्टाकडं पाहिलं. मग दाराबाहेरच्या गाडीकडं. "एसी चालू हाय व्हय?"

"बारीकसा बिघाड," तात्या म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. "इंजिनियर संगं आनलाय. दोन मिन्टांचं काम."

मी पिशवीतलं मीटर काढलं. मला नेमकं माहीत होतं की आत काय पणाला लागलंय. आजचा दिवस असाच गेला तर मामा परत येईल, बांधावरून "चला, बंगल्यावर" म्हणत जाईल आणि जातच राहील.

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. कडुनिंबाखाली गाडी, गाडीत डोकं घालून मी, आणि भोवती माणसं. एक जण स्कूटरवर बसल्या बसल्या म्हणाला, "गॅस संपला आसंल."

दुसरा म्हणाला, "गॅस संपला तरी पंखा फिरतोय की. हवा गरम येती एवढंच."

"मग पेट्रोल बगा."

"अरं, गाडी चालत आलीय ना इथवर!"

आमचे एक सर सांगायचे, बिघाड शोधताना वीज जिथून निघते तिथून तिच्या सोबत चालायला लागायचं, आणि ती जिथं थांबते तिथं आपण थांबायचं. मी ते वाक्य हाताला धरून निघालो. बॅटरी ठीक. फ्यूज बघितला, हिरवा, शाबूत. चावी फिरवून, पंख्याचं बटण चौथ्या नंबरवर ठेवून मी डाव्या बाजूच्या कप्प्याखाली शिरलो. तिथं पंख्याच्या मोटारीला जाणाऱ्या वायरींचा प्लास्टिकचा जोड होता. तो एका बाजूनं तपकिरी होऊन गुळाच्या चिक्कीसारखा वितळला होता. जळका वास त्याचाच. ओढून सुटा केला, वायरीच्या टोकांना मीटर लावलं. आकडा पूर्ण आला. वीज मोटारीच्या दारापर्यंत येत होती आणि मोटार दार उघडत नव्हती.

मग मी खालून बोट घालून पंख्याचं चाक फिरवून पाहिलं. फिरेना. हे काही मी शिकलो नव्हतो; नुसतंच बोट गेलं. "मामा," मी म्हटलं, "वीज येतेय. पण हे आत जाम झालंय."

मामा इतका वेळ बाजूला उभा होता, पाहुण्यासारखा. जाम झालंय म्हटल्यावर तो एकदम आमचा मामा झाला. जाम झालेल्या गोष्टींशी त्याची जुनी ओळख. "सरक," म्हणाला, बाह्या वर केल्या आणि त्या पांढऱ्या शर्टासकट गाडीच्या तळाला पाठ टेकून आडवा झाला. "पान्ना दे. तो न्हाई, बारका. उजेड दाखव." स्क्रू निघाले. मोटार चाकासकट खाली आली, आणि तिच्या मागोमाग, मामाच्या तोंडावर, छातीवर, केसांत, कांद्याची टरफलं. मूठभर नव्हेत; ओंजळी. गुलाबी, करपलेली, भुगा झालेली. गाडीच्या आतली हवाच पुन्हा पुन्हा ओढून घेणारा पंखा तो. गोण्यांमधून उडालेलं प्रत्येक टरफल त्यानं इमानेइतबारे आत घेतलं होतं.

मग स्कूटरवरचा म्हणाला, "आरारारा! कांदे गाडीतच आनलेत व्हय? मग पोहे तेवढे आमचे!"

सगळी गल्ली हसली. तात्यांचा चेहरा पांढरा पडला. "वाऱ्यानं आल्यात वो," ते आबांना म्हणाले, "खिडकीतनं. रस्त्याला कांद्याचे टेम्पो किती असत्यात…"

आबा पुढे आले. खाली वाकून त्यांनी विचारलं, "पाव्हणं, गाडीत कांदे भरता का?"

"छ्या!" तात्या म्हणाले.

"भरतो," मामा म्हणाला. तो अजून आडवाच होता, कानाला एक टरफल चिकटलेलं. "रोज भरतो. चाळीपतुर न्ह्याया दुसरं काय न्हाई माझ्याकडं. मागचं सीट काल बसिवलं. तात्यांचं म्हननं हुतं सांगू न्हाई."

त्या क्षणी मला वाटलं, संपलं. तात्यांनी तर कडुनिंबाला टेकून डोळेच मिटले.

"फ्यूज आधी उडत नव्हता का?"

उंबऱ्यात वैशाली उभ्या होत्या. प्रश्न मला होता. मी म्हटलं, "उडायचा. सारखा."

"मग?"

मी मामाकडे पाहिलं. मामा उठून बसला. "मग म्या जाड टाकला. हिरीवर तसंच करतो आमी."

"म्हणजे तो बिचारा ओरडत होता, आणि तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबला."

लोक पुन्हा हसले. मी घाबरून मामाकडं बघितलं, तर मामाही हसत होता. तोंडभर, आमच्या स्वयंपाकघरात हसतो तसं. "व्हय," म्हणाला, "अगदी तसंच झालं. बोळा बी हिरवागार हुता."

वैशाली आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. पण त्या शिलाई मशीनचा छोटा ब्रश घेऊन बाहेर आल्या. "हे घ्या. पात्यांमधलं बोटानं निघायचं नाही. मशीनचा आहे, परत द्यायचा." आणि त्या पायरीवर बसल्या. उठल्या नाहीत.

मी कितीतरी बिघाडांविषयी वाचलं आहे त्यानंतर. प्रयोगशाळेत आमचे सर मुद्दाम एखादी वायर सैल करून ठेवतात आणि आम्हाला शोधायला लावतात. पण तो खर्ड्याचा बिघाड मला सगळ्यात नीट समजला आहे. चाक अडलं म्हणून मोटार जास्त वीज ओढू लागली. जास्त वीज आली की फ्यूजनं तुटायचं, हे त्याचं काम; ते त्याला करू दिलं नाही. मग ती उष्णता दुसरीकडं कुठंतरी निघणारच. ती त्या गरीब प्लास्टिकच्या जोडातून निघाली. माणसांचंही असंच असतं, असं काही मोठं वाक्य इथं लिहायचा मला मोह होतोय, पण मी फार लहान आहे. एवढंच सांगतो की मामा त्या दिवशी घरात पाहुणा म्हणून बसला तेव्हा एक शब्द बोलू शकला नाही, आणि तोंडावर टरफलं पडल्यावर थांबेना.

तो ब्रशनं एकेक पातं साफ करत होता आणि पायरीकडं न बघता बोलत होता. कांदाचाळ कशी बांधली, प्रवरेला धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की पहाटे त्याचा आवाज कसा येतो, गाडीला तो सोमवारी हमाल का म्हणतो. वैशाली मधूनच विचारायच्या, "आणि पाऊस आत नाही येत चाळीत?" किंवा नुसतंच, "बरं." एकदा त्या म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातलं राहिलं," आणि मामानं ते काढलं. आबा खुर्ची आणून सावलीत बसले होते. त्यांनी गल्लीतल्या लोकांना हळूहळू कामाला पिटाळलं. तात्यांनी एक डोळा उघडून पाहिलं, मग दुसरा.

मी वितळलेला जोड कापून टाकला, वायरी सोलून सरळ एकमेकींना पिळून जोडल्या आणि चिकटपट्टी गुंडाळली. फ्यूजच्या डब्याच्या झाकणात आतल्या बाजूला एक जादा पिवळा फ्यूज ठेवलेला असतो, हे मला तेव्हा सापडलं. हिरवा काढून तो बसवला. मोटार वर चढवली. मामानं चावी फिरवली. "देवाचं नाव घे, भाच्या."

पहिला नंबर: काही नाही. दुसरा: काही नाही. तिसरा: शांत. मामानं माझ्याकडं पाहिलं. चौथ्यावर ठेवला, आणि असं वारं सुटलं की काचेजवळची अत्तराची बाटली नाचायला लागली, उरलेली टरफलं सगळ्या गाडीभर उधळली आणि काही उडत थेट पायरीपर्यंत गेली. वैशालींच्या केसांत एक अडकलं. त्यांनी ते काढून बघितलं आणि हातातच ठेवलं.

पंख्याचा वेग कमी-जास्त करायला एक रेझिस्टर असतो. तो जळाला की खालचे तिन्ही वेग जातात. वरचा वेग त्याच्यातून जातच नाही, म्हणून तो राहतो. हे मी आबांना समजावून सांगितलं. पंखा आता एक तर बंद, नाहीतर पूर्ण जोरात. आबा मान हलवत म्हणाले, "आमच्या वैशालीसारखंच हाय मग ह्याचं."

"आबा!" त्या म्हणाल्या.

तात्यांना पुन्हा जोर आला. "मग चलायचं ना घर बघाया?"

आबा उठले. "आज नको. ऊन लई हाय, वैशालीची आई बी घरात न्हाई, माहेरी गेलीय. विचार करून," आणि त्यांनी आपली खुर्ची उचलली, "कळवतो."

परतीच्या रस्त्यावर पंखा चौथ्या नंबरवर गर्जत होता. त्या आवाजात काही बोलता येत नाही, ते एका अर्थी बरंच झालं. नगरजवळ आल्यावर मामानं कप्पा उघडला, पाण्याची बाटली काढायला. आत तो ब्रश होता. परत द्यायचा राहिला होता. मामानं तो उचलून बघितला, त्याच्यात एक निळा दोरा अडकलेला होता. तो पुन्हा नीट आत ठेवला आणि कप्पा हळूच लावला.

मग सुरू झाला तो वाट बघण्याचा उन्हाळा. मी उरलेल्या पेपरांसाठी नगरला आलो. आंब्याच्या पेट्या गल्लोगल्ली, रात्री वरातींचे बँड, खोलीवरचा पंखा असा की फिरतोय का थांबलाय ते कळू नये. मामाचा रोज फोन यायचा. खर्ड्याचं नाव तो काढायचा नाही. म्हणायचा, "पिवळा टिकलाय बरं का अजून."

"उडाला नाही?"

"न्हाई. आता गोण्यांवर ताडपत्री टाकतो. आन आतली हवा बंद करून बाहेरची चालू ठिवतो, तू सांगितलंस तसं."

"छान. आणि…"

"आन काय न्हाई. अभ्यास कर."

आई दुसऱ्या फोनवरून सांगायची, "तात्या म्हणत होते, फोन करून विचारू का. हा नको म्हणाला. म्हणाला, त्यांनी कळवतो म्हटलंय, तर कळवू द्या. आणि तात्या म्हणाले, निदान तो ब्रश तरी पाठवून देऊ कुणाकडनं. तर त्याला राग आला. म्हणाला, मागतील तवा देऊ." मग आवाज बारीक करून, "रोज पुसतो रे तो ब्रश."

ज्याच्या घरी "कळवतो" येऊन पडलेलं असतं, त्याला मोबाईलचा प्रत्येक आवाज किती मोठा वाटतो, ते मला त्या दिवसांत कळलं. माझा स्वतःचा निकालही लागायचा होता, पण त्याची मला आठवणही होत नव्हती. गणिताच्या पेपरात एका उत्तराला मी घाईनं खर्डा असं लिहून खोडलं.

शेवटचा पेपर संपवून बाहेर आलो तेव्हा पिशवी ठेवायच्या खोलीत माझा मोबाईल थरथरून थरथरून पिशवीच्या तळाशी जाऊन बसला होता. मामाचे कितीतरी चुकलेले फोन. मी लावला तर लागेना. त्याच्या वावरात रेंज जाते-येते. मग दिसलं, त्यानं बोलून एक मेसेज पाठवला होता. तसा तो कधी पाठवत नाही. मी कॉरिडॉरच्या टोकाला, उन्हाच्या कडेला जाऊन तो कानाला लावला. आधी नुसतंच वारं ऐकू आलं. पंख्याचं. चौथ्या नंबरचं. मग पंखा बंद केल्याचा आवाज, आणि मामा:

"हा, भाच्या. पेपर झाला का? ऐक. सकाळी त्यांचाच फोन आल्ता, खर्ड्यावरनं. वैशालींचाच. म्हनल्या, माझा ब्रश तुमच्याकडं हाय, तो न्ह्यायला रविवारी येतोय. मी म्हनलं, ब्रशासाठी एवढ्या लांब? तर म्हनल्या, आबा सुपारी घेऊन निघनारेत, ती बी फोडायचीय. आता बोल! तुझी आई रडतीय इकडं, खुळ्यावानी. तात्या पेढे आनाया गेल्यात. मला त्यांना आनाया गाडी घेऊन जायचंय. पर एक घोटाळा हाय. त्यांच्या आईला जोराचं वारं सोसत न्हाई, डोकं धरतं म्हने. म्हनून इचारत हुत्या, पंखा बारीक व्हतो का. म्या सांगून बसलोय, रविवारपतुर व्हतो. तवा नगरातनं यील तवा ते काय म्हनलास तू, रेझिस्टर, घेऊनच ये. चांगल्यातला घे."